थंडीत गाडी धुताना एक बादली पुरते

डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडीवर दहिवर असतं आणि त्याखाली कापसाच्या वाहतुकीची, तुरीच्या मळणीची धूळ. त्यावर कोरडं फडकं फिरवलं की रंगावर ओरखडे हमखास. दहा वाजेपर्यंत थांबा, ऊन लागू द्या, मग गाडी सावलीत घ्या.

रिन्सलेस वॉशचं (म्हणजे पुसल्यावर पुन्हा पाण्याने धुवावं न लागणाऱ्या शॅम्पूचं) द्रावण बहुतेक १ ला २५६ असतं, म्हणजे १० लिटर कोमट पाण्यात ४० मिली. बाटलीवरचं प्रमाण मात्र आधी वाचा. जास्त टाकलं तर गाडी जास्त स्वच्छ होत नाही, काचेवर चिकट पट्टे उरतात. पाणी हाताला सोसेल इतकंच कोमट. गार काचेवर उकळतं ओतलं तर काच तडकू शकते.

आधी त्याच द्रावणाचा फवारा मारून दोन-तीन मिनिटं मुरू द्या. मायक्रोफायबरच्या फडक्याची दोनदा घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. टपापासून खाली या, हात सरळ रेषेत, दाब नको. बाजू मळली की उलटा. मळलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही, सगळी मेहनत तिथेच वाया जाते. एक भाग पुसला की लगेच कोरडा करा. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग धरतं.

वॉटरलेस स्प्रे, म्हणजे पाण्याशिवाय नुसता फवारून पुसायचा, फक्त हलक्या धुळीला. पांदण रस्त्याची काळी माती मडगार्डला थापली असेल, तर या दोन्ही पद्धती विसरा, आधी पाइप लावा.

फडकी धुताना कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं द्रव नको, त्याने धागे पाणी शोषत नाहीत.