भुसावळ ते पाल, मे महिन्यातल्या उन्हात

तापीचा पूल ओलांडून फैजपूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन ऐन भरात होतं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं. गाडी उभी करून एका रानात उतरलो. भेगेत अख्खा पंजा गेला. वरचं ढेकूळ मात्र हातात धरवेना. काळी माती ऊन परावर्तित कमी करते, शोषते जास्त. ओल असती तर त्यातली बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडली असती. कोरड्या रानात ती जमीन आणि हवा तापवण्यातच जाते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे हे सखल खोरं. पारा ४५ च्या पुढे जातो तो उगाच नाही.

सावद्याच्या पुढे केळी लागली. बांधावर शेवरी आणि गजराज गवताची दाट भिंत होती. "आत या दादा, तिथं झळ लागंल," मालकांनी हाक मारली. चार ओळी आत गेलो आणि अंगावरची काहिली उतरली. सूर्य तोच, पण इथे पानं पाणी बाहेर टाकत होती. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला लागणाऱ्या उष्णतेत बर्फासारखं गार पाच लिटर पाणी उकळीला येतं. मालक म्हणाले, "शेवरी नसती तर वाऱ्यानं पानांच्या चिंध्या झाल्या असत्या." हा गारवा मला फार आवडला, पण तो बोअरच्या पाण्यावर उभा आहे, आणि यावल-रावेर पट्ट्यात ते पाणी वर्षानुवर्षं खोल चाललंय. याची काळजी वाटते.

खिरोद्यावरून घाट चढलो. जंगलात गार वाटेल असं कुणीही धरून चालेल, पण मे महिन्यात साग निष्पर्ण असतो. उघडे उतार खालच्या काळ्या रानासारखेच तापले होते. सावली होती ती नाल्याकाठच्या जांभळांखाली, जिथे मुळांना अजून ओल मिळते.

सातपुड्यातल्या पाल गावी मुक्काम केला. अंधार पडल्यावर उतारावरून वारा सुटला. डोंगराचे उतार रात्री लवकर निवतात, त्यांना लागून असलेली हवा जड होते आणि खाली घसरते. उन्हाळ्यात ती सुखाची. थंडीत मात्र अशीच गार हवा पायथ्याला साचते आणि केळीची वाढ थांबते. मग केळीवाले रात्री विहिरीचं कोमट पाणी बागेत सोडतात, बांधावर पाचट पेटवून धूर करतात.