ईसीजीच्या दोन पट्ट्या

आज सकाळी डॉक्टरांनी ताईच्या ईसीजीच्या दोन पट्ट्या तिच्या पलंगावर शेजारी शेजारी ठेवल्या. पहाटे चार वाजता छातीत कळ येत असताना काढलेल्या पट्टीवरची रेषा ठळकपणे वर उचललेली होती. जिभेखाली गोळी ठेवल्यानंतर काढलेल्या दुसऱ्या पट्टीवर ती पूर्ववत झाली होती.

अँजिओग्राफीत एकही अडथळा सापडला नाही. भेटायला आलेले काका धीर देण्यासाठी म्हणाले, "म्हणजे काही नव्हतंच गं, नुसता गॅस." ताई काही बोलली नाही; तिने पहिली पट्टी घडी करून उशीखाली ठेवली.

ती घडी दिवसभर माझ्या मनातून जात नाही. प्रिन्झमेटल या अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ मध्ये वर्णन केलेल्या या दुखण्यात हृदयाची धमनी अचानक आकसते, काही मिनिटे रक्तपुरवठा तुटतो आणि आकुंचन सुटले की तीच धमनी तपासणीत मोकळी दिसते. ते बहुधा श्रमाने नव्हे, तर विश्रांतीत, मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उद्भवते. धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो (ताईने आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही). आकुंचन लांबले, तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, ठोके जीवघेणे अनियमित होऊ शकतात. धमनी सैल ठेवणारी डिल्टियाझेमची गोळी तिला आजपासून सुरू झाली आहे.

गेले दोन महिने ती पहाटेच्या कळेबद्दल सांगत होती आणि आम्ही तिला ओवा देत होतो. आजची पहिली पट्टी वेळेवर निघाली नसती, तर आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला असता का?