डायना २७ चा वायसर आणि स्प्रिंग: सातारा ते सांगली-मिरज

जुनी जर्मन डायना २७ एअर रायफल घरात आहे पण पार्ट मिळत नाहीत म्हणून पडून आहे, अशा लोकांसाठी हे लिहितोय. जर्मनीतल्या राश्टाटच्या कारखान्यात बनायची, १९८० च्या दशकात बंद झाली, आणि आपल्याकडे मुळातच कमी दिसते. दुकानात विचारलं की नवी देशी एअरगन पुढं करतात, बाहेरून मागवायचं तर कस्टमची भानगड. पण आत झिजणाऱ्या वस्तू म्हणजे पिस्टनच्या तोंडावरची चामड्याची वाटी, बॅरलच्या मागचा छोटा वायसर आणि मेन स्प्रिंग, बस. ओरिजिनल शोधत बसू नका, हे सगळं आपल्या भागात बनतं.

आधी कायद्याचं. ४.५ मिमी म्हणजे पॉइंट १७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत ताकद असलेल्या एअर रायफलला लायसन लागत नाही. लायसनच्या बंदुकीला ह्यातलं काहीच लागू नाही, तिचं काम लायसनवाल्या दुकानातच. आणि पाखरं मारायला दुरुस्त करत असाल तर कृपा करून पुढं वाचू नका.

अख्खी रायफल घेऊन फिरू नका. एसटीत, रेल्वेत लोक घाबरतात आणि तुम्ही दिवसभर खुलासे देत बसता. घरीच खोला, फक्त पिस्टन, स्प्रिंग आणि जुने वायसर डब्यात घालून न्या. खोलताना स्प्रिंग दाबात असते, सुताराचा लांब क्लॅम्प लावून हळूहळू सोडा, आपलं तोंड समोर ठेवू नका. ह्या मॉडेलच्या ट्रिगरमध्ये तीन गोळ्या आहेत, सायकलच्या छर्‍यासारख्या, त्या सटकन पडतात, म्हणून खाली परात ठेवा आणि परत बसवताना ग्रीस लावून चिकटवा.

साताऱ्याहून कोयना एक्सप्रेस सांगली, मिरज दोन्हीकडं थांबते, फक्त स्टेशन माहुलीला आहे, गावापासून लांब, तेवढा वेळ धरा. मी गाडीनं गेलो, कराड, पेठनाका, आष्टा करत.

पहिला मुक्काम सांगली-मिरजेजवळची कुपवाड एमआयडीसी. स्प्रिंगवाल्याला नुसता नमुना देऊन चालत नाही, कारण जुनी स्प्रिंग दबून आखडलेली असते, तिची लांबी खोटी. तारेची जाडी, आतला-बाहेरचा व्यास आणि वेढे किती हे व्हर्निअरनं मोजून कागदावर लिहून न्या, दोन्ही टोकं बंद आणि ग्राइंड करून पाहिजेत असं स्पष्ट सांगा. ते भाऊ म्हणाले, "जाड तारेची करून देऊ का, जोर वाढंल." नको म्हणालो. जोर वाढवला की ट्रिगरवर आणि लाकडी दस्त्यावर ताण येतो आणि २० ज्यूलचा नियमही आहेच. तिथंच लेथवाल्या काकांकडून वाटी दाबायची छोटी डाय करून घेतली, वरचा ठोकळा पिस्टनच्या मापाचा, खालची वाटी सिलिंडरच्या मापाची. काकांनी पिस्टन हातात घेतला आणि म्हणाले, "हे तर पंपाचं वायसर हाय की."

खरं कौशल्य चामड्यात आहे. क्रोमनं कमावलेलं बॅगेचं मऊ चामडं वाटीचा आकार धरत नाही, चार दिवसात पसरतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं पाहिजे, म्हणजे कोल्हापुरी चपलेचं. त्या चपलेचं २०१९ चं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूरलाही आहे, म्हणजे चामडं आपल्याच पट्ट्यात मिळतं. मिरजेत एका चपलावाल्या मामांनी तुकडा दिला, पैसे घेतच नव्हते. घरी पाण्यात भिजवून डायमध्ये दाबा, तसंच वाळू द्या, उन्हात नाही, कड ब्लेडनं साफ करा आणि मग रात्रभर तेलात ठेवा. कोरडी वाटी हवा सोडते.

मिरजेत आहातच तर सतारमेकर गल्लीत जाऊन या. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारं घडवणारी, पुढं सतार-तानपुऱ्याकडं वळलेली, आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मिळालं. माझ्या दस्त्याला मनगटाच्या जागी, म्हणजे मुठीत धरतो तिथं, बारीक चीर होती, म्हणून सुटा दस्ता गाडीत घेतला होता, तिथल्या कारागिरानं नखानं चीर तपासली, कुठला गोंद आत कसा सोडायचा, किती वेळ आवळून ठेवायचं ते सांगितलं आणि वर चपड्याचं पॉलिश कसं मारायचं ते सतारीच्या तुंब्यावर करून दाखवलं. असा हात बघायला मिळाला ह्यासाठीच मला ही फेरी आवडली.

बसवल्यावर सुरुवातीला तेल जळून थोडा धूर येतो, घाबरू नका, थांबतो. छर्रा न घालता चाप ओढू नका, पिस्टन पुढं जाऊन आपटतो आणि नवी वाटी फाटते.

डाय माझ्याकडं आहे, साताऱ्यातल्या कुणाला लागली तर घेऊन जा, पण आधी तुमचा सिलिंडर मोजा आणि काम झालं की परत आणून द्या.