कल्याणचं बाकडं आणि चिनी प्रोफेसर
आज नेहमीची लोकल चुकली, पुढची पंचवीस मिनिटं लेट, मग काय बसलो कल्याणच्या बाकड्यावर मोबाईल काढून, युक्रेन युद्धावर चिनी प्रोफेसर काय म्हणतात ते वाचत. मला वाटायचं तिकडे सगळे एकाच सुरात. कसलं काय! फेब्रुवारी २०२२ मध्येच पाच इतिहासकारांनी रशियाविरुद्ध पत्र काढलं, ते लगेच उडवलं म्हणा. मार्चमध्ये शांघायच्या हू वेईंनी लिहिलं की पुतिनपासून लवकरात लवकर लांब व्हा, आणि २०२४ ला पेकिंग विद्यापीठाचे फेंग युजुन तर 'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकात रशिया हरणारच असं लिहून मोकळे. बाकी बरेच जण युद्धाचा दोष देताना नाटोकडेच, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी गटाकडेच बोट दाखवतात, तेही आहेच. चहावर साय धरली तरी वाचतोय, तर शेजारचे काका डोकावून म्हणतात, "शेअर मार्केट का हो?"