पुणे ते सावंतवाडी, आणि हिची पाठ

डिसेंबरात पहाटे साडेपाचला कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा ही मागे एकदम खुशीत होती. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मोटरसायकलला नवा बॅकरेस्ट, म्हणजे मागच्याला पाठ टेकायची उशी लावलेली दांडी, बसवल्यावरची पहिलीच लांबची राइड. खंबाटकी चढताना म्हणाली, "बरंय रे, तुला धरून बसायला नको आता."

उंब्रजला चहाला थांबलो तोवर सूर बदलला होता. उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. उशी बरोबर खांद्याच्या फऱ्याखाली टोचत होती आणि खाली कंबर अधांतरी. चूक माझी. एकटाच दुकानात गेलो, उंच क्रोमची दांडी रुबाबदार दिसली, घेतली. बसणार ती, निवडली मी!

म्हणून जो मागे बसणार आहे त्यालाच दुकानात न्या. जॅकेट, हेल्मेट घालून गाडीवर चांगली पंधरा मिनिटं बसवा. उशीचा टेकू कमरेच्या खोलगट भागाला मिळाला पाहिजे, माकडहाडाच्या जरा वर. मऊ फोमला भुलू नका, अंगठ्याने दाबला की तळाला लागतो तो तासाभरात बसका होतो.

कोल्हापूरला टॉवेलची जाड घडी करून रबरी दोरीने दांडीला कमरेच्या उंचीवर आवळली. दिसायला गावठी, पण निपाणी, आजरा करत आंबोलीपर्यंत हिची तक्रार नाही. तोवर एक नट ढिला होऊन खडखडायला लागला होता. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सहज ढिला न होणारा) लावा आणि त्या मापाचा पाना हाताशी ठेवा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा सगळे आवळायचेच.

आंबोलीचा उतार लागला की बॅकरेस्टचा उपयोग शून्य. ब्रेक मारला की माणूस पुढेच येतो, तेव्हा मागच्याने गुडघे आवळून बसावं. जड बॅग दांडीमागे बांधू नका, पुढचं चाक हलकं पडतं. आणि बसताना पाय मागून टाकता येत नाही. आधी डाव्या फूटरेस्टवर उभं राहायचं, मग उजवा पाय सीटवरून पलीकडे. तोवर चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून पुढचा ब्रेक धरून ठेवायचा.

पुण्यात परतल्यावर सीट कव्हरवाल्याकडून त्याच दांडीला नवी भोकं पाडून उशी दोन इंच खाली घेतली, आत कडक फोम भरला. आईला मंडईत न्यायचं असलं की मात्र सगळंच काढून ठेवतो. ती एका बाजूला पाय सोडून बसते, दांडी तिच्या बरगडीत रुतते.