दुतोंड्या आता ऐकू लागला

गच्चीवरच्या रास्पबेरी पायकडे (छोटासा संगणक, पुढे नुसता 'पाय') एकच काम, टाकी भरली की मोटर बंद करायची. गेल्या महिन्यात तो तीनदा पहाटेच आडवा झाला आणि तिन्ही वेळा खालून आईची हाक, "अरे, टाकी वाहतेय!" कार्ड काढून बघावं तर नेमक्या शेवटच्या मिनिटांच्या नोंदी गायब. लिनक्समधलं नोंदी ठेवणारं जर्नलडी साध्या नोंदी पाच-पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतं, त्याआधी यंत्र गेलं की संपलं.

म्हणून सगळ्या यंत्रांचे लॉग, म्हणजे या नोंदी, एका जागी आणायचे ठरवलं. जुन्या लॅपटॉपवर डेबियन 12 हे लिनक्स टाकलं. त्यात लॉग पाठवणारं आणि गोळा करणारं आरसिसलॉग आपोआप येत नाही, वेगळं टाकावं लागतं. यूडीपी आणि टीसीपी (नेटवर्कवरून माहिती धाडण्याच्या दोन पद्धती) अशा दोन तोंडांनी ऐकणार म्हणून यंत्राचं नाव ठेवलं दुतोंड्या. पूर कुठवर चढला ते नाशिककर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीकडे बघूनच ठरवतात, तेव्हा हे नाव इथे शोभतंच.

पाठवणाऱ्या यंत्रावर आरसिसलॉगच्या सेटिंगमध्ये खरं तर एवढीच ओळ लागते:

*.* @@192.168.1.10:514

मधला आकडा दुतोंड्याचा पत्ता. एक @ म्हणजे यूडीपी, दोन म्हणजे टीसीपी. मी आधी एकावरच भागवलं. परवा पावसात लाइट गेली. पाय आणि दुतोंड्या दोघंही इन्व्हर्टरवर, राउटर मात्र नाही (हा माझाच शहाणपणा!). तेवढ्या वेळातलं एक अक्षर पोचलं नाही. यूडीपीत पोच नसते, पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आता टीसीपी लावलंय आणि सोबत डिस्कवर रांग. दुतोंड्या दिसेनासा झाला की नोंदी गच्चीवरच थांबतात, दिसला की ओळीने येतात. जोडणी तुटताना मधल्या एखाद-दोन तरीही गळू शकतात. तेही नको असेल त्याने प्रत्येक नोंदीची पोच घेणाऱ्या रेल्प पद्धतीकडे वळावं.

वेळेने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. माझ्या पायला स्वतःचं घड्याळ नाही. चालू झाला की नेटवरून वेळ मिळेपर्यंत तो आधी जपून ठेवलेली वेळच पुढे रेटतो, त्यामुळे आत्ताच्या नोंदी तासाभराने जुन्या दिसत होत्या. आता टेम्प्लेटमध्ये (नोंद छापण्याचा साचा) पाठवणाऱ्याची वेळ आणि दुतोंड्याला नोंद मिळाल्याची वेळ, दोन्ही शेजारी छापतो.

आणि काल पहाटे चोर सापडला. बंद पडण्याआधी पायच्या कर्नलने (लिनक्सचा गाभा) चार वेळा ओरडून सांगितलं होतं, 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड', म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. मोबाइलचा जुना चार्जर लावला होता मी त्याला. आज पायचाच अडॅप्टर लावलाय. पुढचा नंबर राउटरच्या लॉगचा, पण त्याआधी राउटरची वायर इन्व्हर्टरवर न्यायची आहे.