आमची वाटचाल: डब्बा घेऊन ठेवू का?

आमचं दुकान मुळात ग्रिल-गेटचं. बाबांनी नागपूरच्या हिंगणा रोडवर टिनाच्या शेडमध्ये एका वेल्डिंग मशीनवर सुरू केलेलं. मी बी.कॉम. झाल्यावर हिशेब बघायला बसले ती उठलेच नाही. अजनीच्या पुलावरून जाताना डेपोत रचलेले रंगीत कंटेनर लहानपणापासून बघत आले होते, पण त्यांचा आपल्या पोटापाण्याशी काही संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं.

2015 मध्ये नागपुरात मेट्रोचं काम निघालं आणि त्याच सुमारास शहराभोवती रस्त्यांची कामंही वाढली. एका ठेकेदाराने बाबांना विचारलं, "काकाजी, साइटवर सिमेंट-सळाख ठेवायला कुलूप लागेल अशी खोली पाहिजे, सहा महिन्यांनी उचलून नेता येईल अशी." बाबांनी मुंबईकडच्या डेपोतून एक वीस फुटी कंटेनर मागवला. धंद्यात त्याला कंटेनर कोणी म्हणत नाही, डब्बा म्हणतात. हायड्रा क्रेनने तो ट्रेलरवरून उतरवला तेव्हा आजूबाजूची चहावाल्यापासून सगळी मंडळी बघायला जमली होती.

समुद्रावर डब्बा साधारण दहा-पंधरा वर्षं फिरतो, मग जहाज कंपन्या आणि भाड्याने देणारे तो विकून टाकतात. पण त्याचं पोलाद कॉर्टेन जातीचं, गंज वरवर धरतो, आत लवकर शिरत नाही. खाली 28 मिलीमीटरच्या प्लायवूडची जमीन. म्हणजे जहाजाला नकोसा झालेला डब्बा जमिनीवर अजून पंधरा-वीस वर्षं आरामात काढतो. जुने डब्बे घेऊन भाड्याने द्यायचा आमचा सगळा धंदा याच फरकावर उभा आहे.

शिकलो मात्र चुका करकरून. डब्ब्यातून बनवलेल्या पहिल्याच ऑफिस केबिनमध्ये गिऱ्हाइकाच्या आग्रहाने आम्ही लांबीच्या बाजूला दहा फुटांची खिडकी कापली. भिंतीच्या त्या नागमोडी पत्र्यातच डब्ब्याची अर्धी ताकद असते, हे छत खाली झुकल्यावर कळलं. आता आधी चौकोनी पाइपची चौकट बसवल्याशिवाय कटर चालत नाही.

दुसरी चूक काळ्या मातीची, आणि ती मी जन्मभर विसरणार नाही. आमच्या बहुतेक डब्ब्यांच्या प्लेटवर 1,92,000 किलो असा आकडा आहे: चार कोपऱ्यांवर एवढा भार रचता येतो. एवढं बलदंड धूड उमरेड रोडच्या एका साइटवर आम्ही मे महिन्यात कडक वाळलेल्या जमिनीवर तसंच टेकवून आलो. जुलैत फोन. "ताई, दार लागून नाही राहिलं." गेले तर खरंच, दोन पोरं खांदा लावून ढकलत होती तरी कडी बसेना. डब्बा सगळा भार चार कोपऱ्यांवरच टाकतो. पाऊस पडल्यावर काळी माती फुगून मऊ पडली, मागचा एक कोपरा चार बोटं खचला आणि सगळा सांगाडा किंचित पिळला गेला. दारात काही बिघाड नव्हता. पुन्हा हायड्रा, तोही चिखलात रुतलेला. माती उकरून मुरूम टाकला, चार काँक्रीटचे ठोकळे बसवले आणि आमच्या मिस्त्रीने पाण्याची नळी धरून चारही कोपरे एका पातळीत आणले. दार एका बोटाने लागलं. त्या दिवसाचा खर्च डब्ब्याच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढा झाला. आता ठोकळे आधी, डब्बा नंतर.

कळमन्याच्या एका व्यापाऱ्याच्या मिरचीचं नुकसान तर आमच्यामुळेच झालं. दिवसा तापलेलं छत रात्री पावसाने गार पडलं की आतली दमट हवा पाणी होऊन टपकते. पोत्यांचा वरचा थर काळा पडला. पैसे भरून दिले आणि त्यानंतर धान्य-मसाल्याच्या डब्ब्याला वारा खेळायला झरोके आणि छताला आतून पफ (उष्णता अडवणारा फोम) असल्याशिवाय देत नाही. नागपूरच्या उन्हात बिनपफच्या डब्ब्यात माणूस बसवणं हे तर पापच.

आता गुंतवणुकीचं. 2021 मध्ये जगभर डब्ब्यांची टंचाई झाली, जहाजाचं भाडं आभाळाला भिडलं आणि जुन्या डब्ब्याचा भावही महिन्यागणिक चढत गेला. आमचे मामा तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. म्हणाले, "पोरी, बँकेत पैसा नुसता नासून राहिला. डब्बे घेऊन ठेवू, वर्षाने विकू." मलाही हाव सुटली, खोटं कशाला बोलू. 2 लाख 10 हजाराला एक, असे सहा घेतले, त्यातले दोन मामांचे. 2023 मध्ये तसाच डब्बा आम्हाला सव्वा लाखात मिळत होता. मधली दीड वर्षं सहाही डब्बे आमच्या यार्डात गवतात उभे, जागेचं भाडं वेगळं.

तेव्हा वहीत मांडलेला हिशेब अजून जपून ठेवलाय. 1 लाख 20 हजाराचा डब्बा, ट्रेलरचा वाटा 25 हजार, हायड्रा 5 हजार, डागडुजी-रंग 20 हजार: 1 लाख 70 हजार. भाडं महिन्याला 6 हजार, वर्षात आठ महिने लागला तर 48 हजार. जागा, रंग, वसुलीची रखडपट्टी यात 12 हजार गेले की 36 उरतात. हाच डब्बा 2 लाख 10 हजाराला घेतला तर बाकीचा 50 हजार खर्च धरून तेच 36 हजार 2 लाख 60 हजारावर येतात, आणि गवतात उभा राहिला तर शून्य. सर्वांत खाली भंगार: वीस फुटी डब्बा सुमारे 2,200 किलो, 32 रुपये किलोने 70 हजार. सोनं कपाटात पडून भाव खाईल, डब्बा पडून फक्त गंज खातो.

मामांना त्याच काळात आणखी एक फोन यायचा. डब्बा तुमच्या नावावर, जहाजाला भाड्याने आम्ही देतो, दर महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात. मी त्यांना जर्मनीतल्या पी अँड आर या अशाच योजनेत डब्बे विकणाऱ्या कंपनीची गोष्ट सांगितली. 2018 मध्ये ती बुडाली तेव्हा सुमारे 54 हजार लोकांचे 3.5 अब्ज युरो अडकले होते. कागदावर 16 लाख डब्बे, मोजायला गेले तर 6 लाखांच्या आसपास. मामा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे लोकांनी डब्बा पाह्यलाच नाही?" मग त्यांनी तो नंबर ब्लॉक केला.

आम्ही मात्र प्रत्येक डब्बा पाहतो. आत शिरून दोन्ही दारं लावायची आणि अंधारात दोन मिनिटं उभं राहायचं. छतात सुईएवढं भोक असलं तरी चांदणीसारखं दिसतं. मग बूट आपटत चालायचं, प्लाय कुजलं असेल तिथे आवाज बदलतो. मग नंबर: चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला सातवा. हा सातवा आधीच्या अक्षर-आकड्यांच्या गणितातून येतो, त्यामुळे कोणी रंग मारून नंबर बदलला असेल तर बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो. एका दलालाचा डब्बा मी असाच परत पाठवला, त्याला अजून माझा राग आहे.

आणि कागद. परदेशी डब्बा देशात येतो तो कस्टम ड्यूटी न भरता, सहा महिन्यांत परत जाण्याच्या बोलीवर. इथे विकायचा तर आधी ड्यूटी भरलेली पाहिजे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद, नसलेला डब्बा वीस हजाराने स्वस्त मिळतो, पण तसला मी दारातही उतरवून घेत नाही.

आज आमचे 31 डब्बे आहेत, त्यातले 24 भाड्यावर. बाबा आता बसूनच सूचना देतात. मामांचे दोन्ही डब्बे बुटीबोरीला एका कारखान्यात लागले. भाडं सात तारखेला येतं, पण मामा पाच तारखेलाच बिजागऱ्यांना तेल द्यायला जातात.

मागच्या आठवड्यात वाडीहून एका मास्तरांचा फोन आला. ताई, दोन डब्बे घेऊन ठेवू का, पुढे भाव वाढेल म्हणतात. मी विचारलं, जागा काळ्या मातीची आहे की मुरमाची? आणि भाड्याने घेणारा कोणी बघितलाय का? म्हणाले, विचारून सांगतो. त्यांचा अजून उलट फोन आलेला नाही.